उंदीर चावतो म्हणून परत आणण्यापूर्वी

आमच्या दुकानातून पाळायला नेलेला उंदीर ‘चावरा निघाला’, बदलून द्या, असे सांगणाऱ्या बहुतेक घरांत त्याला पिंजऱ्याच्या गजांमधून खाऊ भरवला जात असल्याचे चौकशीअंती कळते. उंदराची नजर अधू असते, लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदराची तर फारच, आणि त्याची मोठी भिस्त वासावर असते. त्यामुळे गजांतून आत येते ते खायचेच असते हे एकदा त्याच्या मनात बसले की शेंगदाण्याचा वास लागलेले बोटही तो दातांत धरून आत ओढतो. यात राग नसतो. खाऊ नेहमी दार उघडूनच द्यावा आणि हा नियम पाहुण्यांनाही सांगावा (ते सहसा ऐकत नाहीत).

खरोखर चिडलेला उंदीर केस फुलवतो, अंग तिरके करून सरकतो, शेपूट आपटतो आणि फुसफुसतो. अशा वेळी हात आत घालू नये आणि त्याला शेपटीने तर कधीच उचलू नये, कारण शेपटीची कातडी सोलून निघते. दार उघडे ठेवून त्याला आपणहून बाहेर येऊ द्यावे आणि लांब दांड्याच्या चमच्यावर थोडे दही किंवा कुस्करलेले केळे धरावे. दाणा तोंडात धरून तो पळतो. चाटायचे असेल तर त्याला तुमच्याजवळ थांबावेच लागते, आणि विश्वास त्या थांबण्यातूनच बसतो. तुमच्या वापरलेल्या, न धुतलेल्या बनियनचा तुकडा घरट्यात ठेवल्यास तुमचा वास त्याच्या सवयीचा होतो.

शांत उंदीर एकाएकी चावू लागल्यास दुखणे असू शकते, तर वयात आलेल्या नराचा आक्रमकपणा अनेकदा संप्रेरकांमुळे असतो. दोन्ही बाबतींत पशुवैद्यांना दाखवावे. अशा नराची नसबंदी केली तर तिचा गुण यायला काही आठवडे लागतात. चाव्याने रक्त आले तर जखम साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे, आणि पुढे ताप आल्यास चाव्याचा उल्लेख अवश्य करावा.

आम्ही उंदीर बदलून देत नाही, कारण गजांतून भरवणाऱ्या हाताखाली नवा उंदीरही तेच शिकतो. एकाच लिंगाची जोडी घ्या असा आमचा आग्रह विक्री वाढवण्यासाठी असल्याची शंका काहींना येते. प्रत्यक्षात उंदीर कळपात राहणारा प्राणी आहे आणि एकटा ठेवल्यास तो खंगतो किंवा बिथरतो. अडचण असल्यास पिंजऱ्यासह उंदीर दुकानात आणावा, आम्ही मोफत पाहून सांगतो. फक्त आणण्यापूर्वी पिंजरा धुऊ नये. स्वतःचा वास पुसला गेला की तो आणखी बिथरतो.