इंजिनाचे आटे गेले? गाडी आणण्याआधी हे वाचून घ्या
(जुन्या स्कूटर, मोटरसायकल आणि मोटारींच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, इंदूर)

बोल्ट आवळताना पाना जड होत जातो, आणखी जड होतो आणि मग एकदम लोण्यात फिरल्यासारखा हलका पडतो. आटे गेले ते त्याच क्षणी. आपल्या इंदूरच्या गॅरेजांत याला ‘चुडी मेली’ म्हणतात. तिथेच हात थांबवा. आणखी अर्धा फेरा मारल्याने काहीही धरणार नाही, भोक मात्र मोठं होईल.

बोल्ट हळूच बाहेर काढलात तर त्याच्या खोबणीत चकचकीत तार गुंडाळलेली दिसेल, बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखी. ती तार म्हणजे तुमच्या इंजिनाचे आटे. ती झटकून टाकू नका, बोल्टासकट कागदात गुंडाळून आणा. तिचे वेढे मोजले की बोल्टाने किती खोलीपर्यंत पकड घेतली होती ते कळतं. तीनच वेढे निघाले तर चूक हाताच्या जोराची नाही. बोल्टच आखूड होता.

आमच्या कामात एकच गोष्ट निर्णायक असते: भोकाभोवती धातू किती उरली आहे. तेच भांडवल. दुरुस्ती म्हणजे त्या धातूत थोडं मोठं भोक करून आत पोलादाचे नवे आटे बसवणं. आमच्याआधी झालेला प्रत्येक जुगाड या भांडवलातून कापून घेतो. एक साइज मोठा बोल्ट ठोकून आवळला, आट्यांना टेफ्लॉन टेप किंवा तांब्याची तार गुंडाळली, भोकात एपॉक्सीची लुगदी भरली, भोकाच्या कडेला पंचाने ठोसे मारले, असं काही झालं असेल तर आधी सांगा. कुणी केलं ते विचारायचं नाही. लुगदी जाळायची की खोदून काढायची आणि कोणत्या मापाने सुरुवात करायची, हे त्यावरून ठरतं. ठोसे मारलेल्या कडेला बारीक तडा असू शकतो. तो उजेडात दिसत नाही, त्यासाठी आम्ही तड्यात शिरणारा रंगीत द्रव (डाय) लावून तपासतो.

आटे का जातात

बहुतेक वेळा कारण साधं असतं. पोलादाचा बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचं भोक आणि हातात लांब पाना. एम ६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टाला अ‍ॅल्युमिनियममध्ये ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे १ मीटर लांब पान्याच्या टोकाला जेमतेम १ किलोचा जोर. मनगटाने आवळायचं काम आहे ते, खांद्याने नव्हे. पान्याला पाइप लावला की एम ६ चा निकाल लागलाच.

दुसरं कारण आमच्या टेबलावर फार येतं आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: चुकीच्या मापाचा बोल्ट. जुन्या बुलेटवर इंची आटे असतात, विलीज घराण्याच्या जीपवर अमेरिकन इंची, येझदी-जावावर मिलिमीटरचे. पाव इंची बोल्टाची जाडी ६.३५ मिमी, एम ६ ची ६. त्यामुळे पाव इंचाच्या भोकात एम ६ सहज जातो, दोन-चार फेरे बरोबरही वाटतो, पण आट्यांच्या फक्त टोकांना धरतो. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, जवळजवळ एम ८. पण एम ८ चे आटे १.२५ मिमी अंतरावर आणि ५/१६ बीएसएफचे (ब्रिटिश बारीक इंची आट्यांचे) इंचाला २२, म्हणजे सुमारे १.१५ मिमी अंतरावर. शिवाय बीएसएफ आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. पहिले फेरे गोड जातात, पुढे एकमेकांना कापायला लागतात. व्हेस्पा घाटाच्या स्कूटरवर, म्हणजे आपल्या जुन्या चेतकवरसुद्धा, ७ मिमीचे स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले बिनडोक्याचे बोल्ट) आहेत आणि नटाला ११ नंबरचा पाना लागतो. तिथे ८ मिमीचा स्टड घुसवलेली केसिंग्ज येतात, तेव्हा खरोखर वाईट वाटतं. नवा बोल्ट घ्यायला सियागंजात जाणार असाल तर जुना बोल्ट बरोबर न्या. आटे एकमेकांत बसवून उजेडात धरा. मधून प्रकाशाची फट दिसली तर तो बोल्ट घेऊ नका.

तिसरं, आपल्या माळव्यातली काळी माती. पावसाळ्यात ती ड्रेन बोल्टाभोवती (ऑइल काढायच्या तळाच्या बोल्टाभोवती) थापली जाते, वाळली की सिमेंटसारखी होते आणि बोल्ट सोडताना खडे आट्यांत शिरतात. ऑइल बदलण्याआधी ड्रेन बोल्टाभोवती रॉकेल आणि ब्रश मारायला दोन मिनिटं लागतात. चुरगळलेलं वॉशर परत वापरलं की गळती थांबवण्यासाठी माणूस बोल्ट आवळत सुटतो, म्हणून वॉशर दर वेळी नवा घाला. तांब्याचा असेल तर लाल तापवून पाण्यात बुडवला तरी तो पुन्हा मऊ होतो.

हेलिकॉइल म्हणजे काय

स्टेनलेसची, पत्त्यांतल्या चौकटीसारख्या छेदाची तार स्प्रिंगसारखी वळवलेली असते. बाहेरच्या बाजूने ती इंजिनाच्या धातूत बसते, आतल्या बाजूने तुमच्या मूळ मापाचे आटे देते. म्हणजे बोल्ट तोच राहतो, पाना तोच राहतो.

एम ६ साठी काम असं होतं. जुने आटे ६.३ मिमीच्या ड्रिलने काढतो. केस सुटी असेल तर ड्रिल मशिनवर, नसेल तर भोकावर मार्गदर्शक बुश (ड्रिल सरळ धरणारी नळी) क्लॅम्प करून. हातातल्या ड्रिलने नुसता अंदाज धरला तर भोक दोन-तीन अंश कलतं, मग झाकण बसत नाही आणि बोल्ट वाकून आवळला जातो. नंतर हेलिकॉइलचाच खास टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार. त्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) एम ६ ची, १ मिमी, पण बाहेरचा व्यास सुमारे ७.३ मिमी. दुकानातला एम ७ चा टॅप इथे चालत नाही. अ‍ॅल्युमिनियमला आम्ही रॉकेल लावतो: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, चार-पाच फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसायचा. घाई केली की कीस टॅपच्या दातांवर चिकटतो आणि नवे आटे खरवडून निघतात.

भोक हवेने साफ केल्यावर कॉइल तिच्या हत्याराने फिरवत आत जाते. वरून दाबायची नसते. दाबली की एक आटा सोडून पुढच्यात शिरते आणि वाया जाते. वरच्या पातळीपासून पाव ते अर्धा फेरा खाली थांबवायची. मग तळाची आडवी शेपटी पंचाच्या एका ठोक्याने तोडायची आणि बाहेर काढायची. ही शेपटी फार महत्त्वाची आहे. आरपार भोकात ती सुटली तर थेट क्रँककेसमध्ये पडते, आणि स्टेनलेस असल्याने चुंबकाला भरवशाने चिकटत नाही. आम्ही काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून ती उचलतो आणि तुटलेली शेपटी ग्राहकाला दाखवतो. शेपटी दाखवली नाही तर मागा.

लांबी बोल्टाच्या व्यासाच्या दीडपट, खोली असेल तर दुप्पट. एम ६ ला ९ मिमी, एम ८ ला १२ किंवा १६. नीट बसलेली कॉइल मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त ओढ सोसते, कारण धातूतली पकड आता मोठ्या व्यासावर आहे आणि बोल्ट पोलादावर घासतो. म्हणून ज्या जागा वारंवार उघडाव्या लागतात, तिथे आटे शाबूत असतानाही आम्ही कॉइल सुचवतो. याहून चांगला उपाय म्हणजे बोल्टाऐवजी कायमचा स्टड. मग झीज नटाची होते आणि नट बदलता येतो.

कॉइल सगळीकडे चालत नाही. भोकापासून कडेपर्यंत २ मिमी धातूही उरली नसेल तर आम्ही नाही म्हणतो. तिथे आर्गन वेल्डिंगने धातू भरून नवं भोक पाडावं लागतं. त्यासाठी इंजिन पूर्ण उघडून तेल धुऊन काढायचं, कारण तेलकट कास्टिंगवर वेल्ड सच्छिद्र होतो. खर्च आणि दिवस दोन्ही वाढतात. बिडाच्या ब्लॉकमध्ये आटे क्वचित जातात, तिथे स्टड तुटतो. ते काम वेगळं.

स्पार्क प्लगचे आटे: इथे आम्ही हट्टी आहोत

१४ मिमीचा प्लग, पिच १.२५. आखूड असेल तर आट्यांची लांबी १२.७ मिमी, लांब असेल तर १९. आखूड प्लगसाठी केलेल्या हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) लांब प्लग घातला तर त्याचे उघडे आटे पेट्रोल जळतं त्या चेंबरमध्ये लोंबतात, त्यांवर कार्बन जमतो आणि पुढच्या वेळी प्लग सोडताना तो कार्बन हेडचे आटे खरवडत बाहेर येतो. प्लगमुळे आटे गेल्याच्या तक्रारींत हे आम्ही सगळ्यात आधी पाहतो. दुसरं, गरम हेडमधून सोडलेला प्लग. इंजिनाला हात लावता येईपर्यंत थांबा.

प्लगच्या भोकात कॉइल बसते आणि चालते, पण कधी कधी प्लगबरोबर फिरून बाहेर येते. म्हणून जुन्या हेडला आम्ही लेथवर केलेला भरीव बुश बसवतो: बाहेरून एम १८, पिच १.५, आतून प्लगचे आटे, वर वॉशर टेकायला कॉलर. धातू फॉस्फर ब्राँझ, कारण अ‍ॅल्युमिनियम तापून फुगतं तेव्हा ब्राँझ पोलादापेक्षा त्याच्या जवळपास फुगतं. बुश हेडमध्ये उष्णता सोसणाऱ्या लॉकिंग द्रवाने पक्का करतो आणि तो २४ तास सुकू देतो. बुशाचा तळ चेंबरच्या पातळीत असावा लागतो. आत डोकावणारी कड लाल तापून पेट्रोल वेळेआधी पेटवते आणि पिस्टन जाळते. बुश ढिला बसला तर प्लगची उष्णताही हेडमध्ये उतरत नाही.

हे काम हेड काढूनच करावं, असं आमचं ठाम मत आहे. चेतकचं हेड चार नटांवर आहे. तेवढ्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा कीस सिलिंडरमध्ये पाडायचा धोका घेऊ नये. पद्मिनीसारख्या मोटारीचं हेड काढणं मोठं काम असतं, तेव्हा ग्राहकाने सांगितलं तर जागेवर करतो: पिस्टन खाली, टॅपच्या खोबणीत ग्रीस, दर पाव फेऱ्याने बाहेर काढून पुसणं, शेवटी व्हॅक्यूम. तरी कीस राहण्याची शक्यता शून्य होत नाही, हे बिलावर लिहून देतो.

गाडी घरी नेल्यावर

प्लग आधी बोटांनी तळापर्यंत फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका लागला आहे, सोडून पुन्हा लावा. रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून फिरवला की तिरका लागल्यास नळी घसरते आणि आटे वाचतात. टॉर्क पाना असेल तर २५ न्यूटन-मीटर. नसेल तर नव्या वॉशरचा प्लग बोटांनी टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा, जुन्या वॉशरचा घड्याळाच्या एका तासाएवढा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. निसरड्या आट्यांवर तेवढ्याच जोराने ताण बराच जास्त पडतो.

हेड काढून बसवलं असेल तर पहिले ५० किलोमीटर गावातच चालवा. सिमरोळ-भेरूघाटाकडे लगेच निघू नका. मग गाडी थंड असताना, म्हणजे रात्रभर उभी ठेवून सकाळी, नट एकदा तपासून घ्यायला या. त्याचे पैसे नाहीत.

बिलामागे आम्ही कोणत्या भोकात काय बसवलं, कोणत्या मापाचं आणि किती टॉर्कला आवळलं ते लिहितो. तो कागद आरसी बुकाबरोबर ठेवा. पुढे गाडी कुणाही मेकॅनिककडे गेली तरी प्लग सोडताना खाली ब्राँझचा बुश आहे, हे त्याला आधी कळायला हवं.