परीक्षानळी हातात देण्याआधी

आठवी-नववीची मुलं पहिल्यांदा प्रयोगशाळेत येतात तेव्हा त्यांना भिंतीवरचा सूचनांचा तक्ता वाचून दाखवतात. चव घेऊ नका, वाकून वास घेऊ नका, तापवताना परीक्षानळीचं तोंड कुणाकडे धरू नका. मुलं माना डोलावतात आणि प्रयोगाला लागतात. हे नियम कुणाच्या जिवावर बेतून तयार झाले, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. मला ते फार खटकतं.

पदार्थ चाखून ओळखणं ही अठराव्या शतकात रसायनशास्त्राची रीतच होती. स्वीडनच्या कार्ल शेलेने हायड्रोजन सायनाइडचीही चव नोंदवून ठेवली. १७८६ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी तो गेला. पुढे नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटांत फ्रान्सच्या द्युलाँने एक डोळा आणि बोटं गमावली. १८१२ मध्ये त्याच संयुगाने लंडनच्या हम्फ्री डेव्हीच्या डोळ्याला इजा झाली. लिहिता येईना, म्हणून त्याने काही दिवस लेखनिक ठेवला: पुस्तकबांधणी करणारा मायकेल फॅरडे. आणि ज्याच्या नावाचा बर्नर शाळाशाळांत पेटतो, त्या बन्सनची एका डोळ्याची दृष्टी आर्सेनिकच्या संयुगावर काम करताना स्फोटातच गेली. गॉगलबद्दल कुरकुरणाऱ्या मुलांना ही एवढी हकिकत आधी सांगावी.

विद्यार्थ्यांनी प्रयोग स्वतःच्या हाताने करायचे, ही पद्धत रुजवली ती जर्मनीतल्या गीसेनच्या लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने, १८२४ नंतर. शाळांपर्यंत ती पोचायला बराच काळ गेला. आपल्याकडे कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान सर्वांना सक्तीचं करा म्हटलं, तरी बऱ्याच ठिकाणी प्रयोग सरांच्या टेबलावर आणि मुलं बाकांवर, असंच चाललं. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांतून मुलांच्याच हाती साहित्य देणारा कार्यक्रम सुरू झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याला मनापासून हातभार लावला. विज्ञानशिक्षणासाठी होमी भाभा केंद्र मुंबईत निघालं ते १९७४ मध्ये.

मुलांच्या हाती आम्ल द्यायचं तर कारणही द्यायला हवं. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या सुमारे १.८४ पट जड. त्यावर पाणी ओतलं की ते वरच राहतं, दोन्ही मिसळतात तिथे प्रचंड उष्णता निघते, पाणी जागच्या जागी उकळतं आणि आम्लासकट तोंडावर उडतं. उलट, भरपूर पाण्यात आम्ल काचकांडीवरून बारीक धारेने सोडून ढवळत राहिलं, तर उष्णता सगळ्या पाण्यात विभागली जाते. हे एकदा कळलं की नियम घोकावा लागत नाही.

नियम अजूनही बदलताहेत. फुटला की फरशीच्या फटींत पारा सांडणारा थर्मामीटर जाऊन अल्कोहोलचा येतोय, आणि तिवईवरच्या जाळीतलं ॲस्बेस्टॉस (ज्याचे तंतू श्वासातून गेले तर घातक ठरतात) जाऊन सिरॅमिक. आपल्या शाळेच्या कपाटात जुनी जाळी अजून असेल, तर ती वेगळी काढून ठेवा.