साप्ताहिक क्रमतालिका (महिलांची हौशी फ्लॅग फुटबॉल लीग)

साप्ताहिक क्रमतालिका : लीगमधील संघांचे त्या त्या आठवड्याअखेरचे स्थान दाखवणारा तक्ता. अमेरिकेत त्याला ‘स्टँडिंग्ज’ म्हणतात. मराठी क्रीडापानांच्या सवयीने याला गुणतालिका म्हणावेसे वाटते. पण तो शब्द इथे फसवा आहे, कारण अमेरिकी वळणाच्या बहुतेक तक्त्यांत विजयासाठी गुणच दिले जात नाहीत. आयपीएलमध्ये विजयाला २ गुण मिळतात. प्रो कबड्डीत अनेक हंगाम विजयाला ५, बरोबरीला ३ आणि ७ किंवा त्याहून कमी फरकाने हरल्यास १ गुण अशी पद्धत होती. फ्लॅग फुटबॉलच्या तक्त्यात असले काही नसते. किती जिंकले, किती हरले आणि किती बरोबरीत सुटले, एवढाच मूळ हिशेब. गुण हा शब्द येतो तो मैदानावर केलेल्या गुणांपुरता.

फ्लॅग फुटबॉल हे अमेरिकन फुटबॉलचे धक्काबुक्की वगळलेले रूप. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्करी तळांवर ते रुजले. खेळाडूच्या कमरपट्ट्याला दोन्ही बाजूंनी फिती लटकवलेल्या असतात. चेंडू जिच्या हाती आहे तिची फीत ओढली की चाल तिथेच संपते. तिला पाडायचे नसते. आंतरराष्ट्रीय सामन्यांत एका बाजूला ५ खेळाडू असतात आणि मैदान ५० यार्ड लांब, २५ यार्ड रुंद, शिवाय दोन्ही टोकांना १० यार्डांचे गोलक्षेत्र. अमेरिकी विद्यापीठांच्या अंतर्गत स्पर्धांत महिलांचे संघ बहुधा ७ जणींचे असतात. तिथे ८० यार्डांचे मैदान २०-२० यार्डांच्या चार पट्ट्यांत विभागलेले असते. टचडाउनचे (चेंडू समोरच्या गोलक्षेत्रात नेण्याचे) ६ गुण; त्यानंतरच्या जादा प्रयत्नाचे, अंतर किती घेतले यावर, १ किंवा २ (विद्यापीठांच्या नियमांत ३ सुद्धा). म्हणजे एका चालीत गुणफलक सहा-आठ गुणांनी हलतो. पुढे गुणफरकाची चर्चा येईल तेव्हा हे लक्षात ठेवावे लागेल.

रकाने आणि टक्केवारी

तक्त्यात संघाच्या नावापुढे विजय, पराभव, बरोबरी, टक्केवारी, केलेले गुण, दिलेले गुण आणि त्यांतील फरक असे रकाने असतात. सलग किती जिंकले वा हरले याचाही एखादा रकाना काही ठिकाणी दिसतो. बोलताना मात्र पहिले दोन आकडेच पुरतात. ‘आम्ही चार-एक आहोत’ एवढे म्हटले की पाच सामन्यांची सगळी कथा सांगून होते.

टक्केवारी हे नाव रूढ असले तरी आकडा शंभरापैकी नसतो. तो दशांशात, तीन स्थळांपर्यंत आणि पुढचे शून्य गाळून लिहितात : ४ विजय, १ पराभव म्हणजे .८००. पावसाने सामने रद्द होतात, विषम संख्येच्या लीगमध्ये दर आठवड्याला एका संघाला सुट्टी (बाय) मिळते, त्यामुळे सगळ्यांचे सामने सारखे झालेले नसतात. अशा वेळी नुसते विजय मोजले तर ४–२ असलेला संघ ३–१ च्या वर जाईल. टक्केवारीने पाहिले तर तो .६६७ वर आणि दुसरा .७५० वर, म्हणजे क्रम उलटा.

बरोबरीचे काय करायचे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. याचा सर्वांत बोलका दाखला एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधला आहे. १९३२ च्या एनएफएल हंगामात शिकागो बेअर्सचे ६ विजय, १ पराभव आणि तब्बल ६ बरोबऱ्या होत्या. पोर्ट्समथ स्पार्टन्स ६–१–४ वर होते. ग्रीन बे पॅकर्सनी १० सामने जिंकून ३ गमावले होते आणि १ बरोबरीत सोडवला होता. त्या काळी बरोबरीचे सामने हिशेबात धरतच नसत. त्यामुळे पहिले दोन संघ .८५७ वर बरोबरीत आले आणि दहा सामने जिंकलेला संघ .७६९ वर मागे राहिला. १९७२ पासून एनएफएल बरोबरीला अर्धा विजय आणि अर्धा पराभव मानते. तोच नियम १९३२ ला लावला तर पॅकर्स .७५०, स्पार्टन्स .७२७ आणि बेअर्स .६९२, अख्खा क्रम उलटतो. निकाल तेच, खेळाडू तेच, फक्त भागाकार बदलला.

हौशी लीगमध्ये हल्ली अर्ध्या विजयाची पद्धतच सर्रास वापरतात. तरीही नियमपत्रिकेत ते लिहिलेले असले पाहिजे, कारण हौशी सामन्यांत बरोबरी व्यावसायिक सामन्यांपेक्षा अधिक संभवते. बाद फेरीत जादा वेळ खेळवतात : विद्यापीठांच्या नियमांनुसार दोन्ही संघांना १० यार्डांवरून प्रत्येकी चार प्रयत्न. साखळी सामन्यांत मात्र पुढचे दोन संघ मैदानाच्या कडेला तयार उभे असतात आणि दिव्यांचे भाडे तासावर असते. मग पंच शिट्टी वाजवतात आणि बरोबरी बरोबरीच राहते.

बरोबरीची कोंडी फोडणे

सात-आठ आठवड्यांच्या हंगामात दोन किंवा तीन संघ सारख्याच आकड्यांवर येणे अगदी नेहमीचे. आठ संघ एकेकदा एकमेकांशी खेळले तरी २८ सामने होतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला सातच येतात. सात सामन्यांत विजयांच्या आठच शक्यता, शून्य ते सात. आठ संघ त्यांवर वेगवेगळे बसतील अशी अपेक्षाच चूक.

दोनच संघ असतील तर त्यांच्या आपसातील सामन्याचा निकाल पाहतात. तिघे असले की गाठ पडते. समजा अ, ब आणि क तिघेही ४–२ वर आहेत. अ ने ब ला २०–६ हरवले, ब ने क ला २६–२० आणि क ने अ ला १३–१२. प्रत्येकीने एकीला हरवले आहे, तेव्हा आपसातले निकाल काहीच सांगत नाहीत. मग या तिघांतल्याच सामन्यांचा गुणफरक काढतात : अ चा अधिक १३, क चा उणे ५, ब चा उणे ८. अ पहिला, हे सर्वमान्य. वाद दुसऱ्या जागेचा. गुणफरकाचीच यादी पुढे वाचत गेले तर क दुसरा. पण ‘एक संघ वेगळा झाला की उरलेल्या दोघांसाठी पहिल्या पायरीपासून सुरुवात’ असा नियम असेल तर ब आणि क यांचा आपसातला सामना पाहावा लागतो, आणि तो ब ने जिंकलेला आहे. एनएफएलची पद्धत ही दुसरी. हौशी लीगच्या नियमपत्रिकांत हे एक वाक्य बरेचदा राहून जाते, आणि हंगामातली सर्वांत लांबलेली भांडणे नेमकी त्या गाळलेल्या वाक्यावरून होतात.

गुणफरक हा या तक्त्यातला सर्वांत धोकादायक रकाना म्हणावा लागेल. तो मोजला जातो हे कळले की ३० गुणांनी पुढे असलेला संघही शेवटच्या मिनिटापर्यंत लांब पास टाकत राहतो, आणि समोर पहिल्यांदाच फिती बांधून उतरलेल्या बायका असतात. पुढच्या हंगामाला त्यांतल्या निम्म्या परत येत नाहीत, ही आयोजकांची खरी चिंता. म्हणून अनेक लीग एका सामन्यात मोजायच्या फरकावर मर्यादा घालतात. मर्यादा १४ ची असेल तर ४८–० आणि २०–६ या दोन्ही विजयांची नोंद तक्त्यात सारखीच, अधिक १४. काही जण केलेल्या गुणांकडे पाहतच नाहीत, फक्त दिलेले गुण मोजतात. त्याने हावरटपणा थांबतो, पण खेळ कंटाळवाणा होण्याची भीती असते.

दुसरा उपाय म्हणजे सामना लवकर थांबवणे. विद्यापीठांच्या मनोरंजनपर क्रीडाविभागांची संघटना ‘निर्सा’ हिच्या नियमांत, शेवटची दोन मिनिटे उरली असताना एक संघ १९ किंवा अधिक गुणांनी पुढे असेल तर सामना तिथेच संपतो. (ही संघटना १९५० मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या डिलार्ड विद्यापीठात, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांतील क्रीडासंचालकांनी सुरू केली.) १९ हा आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब चोख बसतो. टचडाउनचे ६ आणि जादा प्रयत्नाचे जास्तीत जास्त ३ धरून एका ताब्यात ९ गुण होऊ शकतात. दोन ताब्यांत १८. एकोणीस भरून काढायला तिसरा ताबा लागतो, आणि दोन मिनिटांत तो मिळणे जवळपास अशक्य. स्त्री-पुरुष मिश्र सामन्यांत, जिथे महिलेचा सहभाग असलेल्या टचडाउनला ९ गुण देण्याची पद्धत आहे, तिथे हीच मर्यादा २५ ठेवलेली आढळते. नऊ आणि तीन बारा, बारा दुणे चोवीस, त्यावर एक.

पुढे चाल

हौशी तक्त्याला व्यावसायिक तक्त्यापासून वेगळे पाडणारी गोष्ट म्हणजे न खेळलेले सामने. मूल आजारी पडते, कामाची पाळी बदलते, गुडघा दुखावतो, आणि रविवारी सकाळी किमान संख्येइतक्याही जणी जमत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांची सवलत संपली की पंच समोरच्या संघाला पुढे चाल देतात. तक्त्यात एकीकडे विजय, दुसरीकडे पराभव. पण गुण किती मांडायचे? शून्य-शून्य मांडले तर उपस्थित संघाचे गुणफरकात नुकसान होते, कारण त्या दुबळ्या संघाविरुद्ध बाकीच्यांनी भरपूर गुण कमावलेले असतात. मोठा आकडा मांडला तर फुकटची कमाई. म्हणून प्रत्येक लीग आपला एक ठरावीक आकडा नियमात लिहून ठेवते आणि शक्यतो तो फरकाच्या मर्यादेइतकाच ठेवते.

पुढे चाल देणे आणि हरणे यांत भेद करणाऱ्या लीगही आहेत, आणि तो भेद रास्त आहे. खेळून हरलेल्या संघाने निदान समोरच्यांची सकाळ वाया घालवली नाही. अशा ठिकाणी बरोबरीची कोंडी फोडताना पहिल्याच पायरीवर ‘कोणी सामना सोडला होता का’ हे पाहतात; दुसऱ्यांदा सोडणाऱ्या संघाला बाद फेरीतून वगळतात. आदल्या दिवशी कळवले तर शिक्षा सौम्य, न कळवता गैरहजर राहिले तर अनामत जप्त. हंगामाच्या मध्यात एखादा संघ मोडलाच, तर त्याच्याशी झालेले सगळे सामने पुसायचे की उरलेल्यांना पुढे चाल द्यायची, हा निर्णय सर्वांत अवघड. पुसले तर त्यांच्याशी घामाघूम होऊन जिंकलेल्यांवर अन्याय, न पुसले तर ज्यांचा सामना व्हायचा होता त्यांना आयता विजय.

दुसऱ्या संघातून उसन्या खेळाडू आणून सामना वाचवण्याची मुभा काही ठिकाणी असते. महिला लीगमध्ये खेळाडूंची संख्या मर्यादित असल्याने ती सढळ हाताने दिली जाते, मात्र बाद फेरीसाठी नियमित हंगामात ठरावीक सामने खेळल्याची अट घालतात. नाहीतर अंतिम सामन्याला अचानक एखादी महाविद्यालयीन क्वार्टरबॅक (पास टाकणारी मुख्य खेळाडू) उगवते.

विद्यापीठांच्या स्पर्धांत याला आणखी एक रकाना जोडलेला असतो : वर्तनाची श्रेणी. पंच प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही संघांना बहुधा ० ते ४ यांपैकी श्रेणी देतात. सरासरी ठरलेल्या पातळीखाली गेली तर सगळे सामने जिंकलेला संघही बाद फेरीला मुकतो.

आठवड्याचा तक्ता आणि शेवटचा तक्ता

निकालपत्रिकेवर दोन्ही कर्णधारांच्या सह्या झाल्या की आयोजक आकडे भरतात आणि एक-दोन दिवसांत नवा तक्ता लागतो. पहिल्या दोन आठवड्यांचा तक्ता जवळजवळ निरर्थक असतो. कोण कोणाशी आधी भिडले एवढेच त्यातून कळते. तरी सगळ्यांत उत्साहाने वाचला जातो तो तोच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर काही लीग त्याचा उपयोग संघांची पातळी ठरवण्यासाठी करतात. वरचे संघ एका गटात आणि नवशिक्यांचे दुसऱ्या गटात गेले की पुढचे सामने चुरशीचे होतात. मात्र मग खालच्या गटातला ६–१ आणि वरच्या गटातला ३–४ यांची तुलना करू नये.

महिलांसाठी असे वेगळे तक्ते निघू लागणे हेच तुलनेने अलीकडचे. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा अमेरिकेचा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ चा. फ्लोरिडा, नेवाडा, अलास्का अशा राज्यांनी शालेय मुलींसाठी हा खेळ अधिकृत केला आणि ‘एनएआयए’ या महाविद्यालयीन संघटनेच्या महिला स्पर्धेचा पहिला हंगाम २०२१ मध्ये झाला. २०२२ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम येथील वर्ल्ड गेम्समध्ये मेक्सिकोच्या महिलांनी अंतिम सामन्यात अमेरिकेला ३९–६ असे धुतले. २०२४ मध्ये फिनलंडमधील लाहती येथे जागतिक अजिंक्यपद मात्र अमेरिकेने राखले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉलला प्रवेश मिळाला तो मुंबईत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या १४१ व्या अधिवेशनात, १६ ऑक्टोबर २०२३ रोजी, पाच नवे खेळ मंजूर झाले. आपल्याकडच्या मथळ्यांत अर्थातच क्रिकेट होते. त्याच ठरावात हा खेळही होता.

नियमित हंगामाचा शेवटचा आठवडा सरला की तक्ता गोठतो. चार संघ पुढे जात असतील तर पहिल्याची गाठ चौथ्याशी आणि दुसऱ्याची तिसऱ्याशी. सहा जात असतील तर पहिल्या दोघांना एका फेरीची सुट्टी. बाद फेरीचे निकाल या तक्त्यात लिहीत नाहीत. चौथ्या क्रमांकाचा संघ करंडक घेऊन गेला तरी तक्त्यात तो चौथाच राहतो. १९३२ मध्ये तसे नव्हते. बेअर्स आणि स्पार्टन्स यांच्यातला निर्णायक सामना १८ डिसेंबरला, बाहेरच्या कडाक्याच्या थंडीमुळे शिकागो स्टेडियमच्या छताखाली झाला. बेअर्सनी तो ९–० जिंकला आणि तो नियमित हंगामातच धरला गेला. त्या एका पराभवाने स्पार्टन्स ६–२–४ झाले, .७५० वर आले आणि पॅकर्सच्याही खाली, तिसऱ्या जागी गेले.