चित्र उतरवण्याची तंत्रे (कलाशिक्षण)

एका पृष्ठभागावरचे चित्र किंवा छायाचित्र पुन्हा न रेखाटता दुसऱ्या पृष्ठभागावर उमटवण्याच्या पद्धती. चित्रकला शिक्षक यांना ‘इमेज ट्रान्सफर’ किंवा नुसते ‘ट्रान्सफर’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात त्या शिकवायला महागडे साहित्य लागत नाही. झेरॉक्सचे दुकान, पांढरा डिंक आणि प्लायवूडचे तुकडे एवढ्यावर वर्ग उभा राहतो.

एक जुनी पद्धत भरतकामातली आहे. बटर पेपरवर नक्षी काढून रेषेवर सुईने भोके पाडतात. कागद कापडावर पसरून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवला की ठिपक्याठिपक्यांनी नक्षी उमटते. हा खाका. शेजारच्या धारवाडची कसुती मात्र खाक्याविना, कापडाचे धागे मोजून भरतात. नवख्या शिक्षकाने खाक्यापासूनच सुरुवात करावी. वर्गात रॉकेलऐवजी कोळशाची वस्त्रगाळ पूड चालते आणि चित्र कसे उतरते हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

छायाचित्रासाठी झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटच घ्यावी. टोनर म्हणजे कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकयुक्त भुकटी; ती डिंकाला चिकटून राहते आणि कागद सोडते. इंकजेटची पाण्यात विरघळणारी शाई भिजताच पसरते. लाकडावर अ‍ॅक्रिलिक जेल मीडियमचा (वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या, डिंकासारख्या लेपाचा) पातळ, सारखा थर द्यावा, प्रिंट पालथी घालून मधून कडांकडे दाबत हवेचे फुगे काढावेत आणि रात्रभर वाळू द्यावे. खानापूरच्या पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही. घाई केली की चित्र कागदासोबतच सुटून येते. वाळल्यावर ओल्या स्पंजने कागद भिजवून बोटाच्या टोकाने हलके गोल चोळावे. लगदा वळ्या होऊन निघतो आणि खालचे चित्र स्वच्छ दिसू लागते. सुकले की त्यावर पुन्हा पांढुरकी झाक येते, कारण कागदाचे तंतू उरलेले असतात. परत भिजवून चोळावे. फेव्हिकॉलनेही हे जमते, पण तो पाण्याने मऊ पडतो, तेव्हा हात फारच हलका हवा. सच्छिद्र मंगलोरी कौलाला आधी मीडियमचा एक हात देऊन वाळवावे.

या पद्धतीत प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी येते. छायाचित्रातल्या फलकावरची अक्षरे, देवनागरी असोत वा कन्नड, प्रिंट काढतानाच उलटवून घ्यावी लागतात. शिळाछापातही, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईतही, दगडावर चित्र उलटेच काढत. राजा रविवर्मा यांच्या 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे, आणि मराठी घरांतल्या देवदेवतांच्या तसबिरी अशाच उलट्या रेखाटनांतून सरळ झाल्या. हा धागा वर्गात जरूर सांगावा. मुलांना उलट-सुलट लगेच उमगते.

थिनर किंवा अ‍ॅसिटोनने टोनर विरघळवून, मागून चमच्याने घासूनही चित्र उतरते. 1958 च्या सुमारास अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी मासिकांतली छायाचित्रे द्रावकाने भिजवून आपल्या रेखाटनांत वापरली. शालेय वर्गात हे प्रात्यक्षिक मुलांच्या हाती देऊ नये. दोन्ही द्रव झटकन पेट घेतात, वाफ डोके धरते, आणि पावसात खिडक्या बंद असलेल्या खोलीत ती कोंडून राहते. शिक्षकाने ते व्हरांड्यात, हातमोजे घालून, स्वतः करून दाखवावे.