दोन्ही ‘रेडियम’, पण रेडियम कशातच नाही

बेळगावात स्टिकरच्या दुकानात ‘रेडियम द्या’ म्हटलं की दुकानदार विचारतो, गाडीचं की चांदण्यांचं? विचारतो ते बरंच करतो. खरं रेडियम, क्युरी दांपत्यानं १८९८ साली शोधलेलं, किरणोत्सारी. एकेकाळी ते घड्याळाच्या काट्यांना लावायचे. आता फक्त नाव उरलंय.

गळीत हंगामात रात्री निपाणीकडून येताना उसाच्या ट्रॉलीवरची पट्टी हेडलाइटमध्ये लखकन चमकते ना, ती स्वतः उजेड देत नाही. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा प्लॅस्टिकचे प्रिझम असतात. उजेड आला तसाच आल्या वाटेनं परत जातो, म्हणून ड्रायव्हरला ती झळकते आणि कडेला उभ्या माणसाला मळकी दिसते. मोबाइलचा टॉर्च आधी डोळ्याजवळ धरून बघा, मग हात लांब करून.

छताला चिकटवतात त्या हिरव्या चांदण्यांची गोष्ट मात्र मजेशीर आहे. चांगल्या प्रतीच्या चांदणीत स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पूड असते आणि तिच्यात चिमूटभर युरोपियम नि डिस्प्रोशियम. दोन्ही लँथनाइड, म्हणजे दुर्मिळ मृदा गटातले धातू. उजेड पडला की युरोपियमचा इलेक्ट्रॉन वर उडतो आणि स्फटिकातल्या खळग्यांत अडकतो. खोल, टिकाऊ खळगे डिस्प्रोशियममुळं मिळतात. मग खोलीच्या उबेनं एकेक इलेक्ट्रॉन सुटतो, युरोपियमकडं परततो आणि हिरवा उजेड देतो. हे तासन्‌तास चालतं. जुन्या झिंक सल्फाइडच्या चांदण्या त्यामानानं लवकर विझायच्या. उबेचा हा खेळ बघायचा तर उजेडात धरलेली चांदणी फ्रीझरमध्ये ठेवा: मंदावते. बाहेर काढून तळहातावर धरली की पुन्हा उजळते.

हाच युरोपियम तीन इलेक्ट्रॉन गमावून बसला की लाल उजेड देतो. जुन्या डबा टीव्हीतला लाल रंग त्याचाच. पण तो लगेच विझतो, साठवत नाही.

आमच्या ओळखीतल्या एकानं ट्रॉलीच्या फाळक्याला चांदण्यांवाली टेप लावली होती. अंधारात चमकते म्हणजे झालं, असा हिशेब. ट्रॉली दिवसभर फडात, टेपवर धूळ, वरून उसाचा पाला लोंबलेला. रात्री कारखान्याच्या रांगेत मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हेडलाइट टाकला, तरी टेप फिकटच. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन म्हणाला, ‘रेडियम नको, लाइट मारला की परत मारणारं लाल द्या.’