डीबी म्हणजे डोबेशी

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला इमेज प्रोसेसिंगचा प्रोजेक्ट घेतलेल्या मुलामुलींना ‘डीबी४’ हे नाव नवं नसतं. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरच्या एका ओळीत ते टाकलं, की फोटोतले ढोबळ आकार एकीकडे आणि बारकावे दुसरीकडे असे सुटे होऊन समोर येतात. यातलं डीबी कुठून आलं, हे मात्र फार थोडे जण विचारतात. ते एका बाईंचं आडनाव आहे. इंग्रिड डोबेशी, जन्म १९५४, बेल्जियम.

डोबेशी शिकल्या भौतिकशास्त्र. ब्रसेल्सच्या विद्यापीठातून १९८० साली पीएचडी झाली, तीही सैद्धांतिक भौतिकशास्त्रात. लहानपणी झोप येईना की त्या मनातल्या मनात दोनाची पट करत बसायच्या: दोन, चार, आठ, सोळा. पुढे ज्या गणितानं त्यांचं नाव झालं, त्याचा पायाही दुपटीचाच असावा, याची मला फार मौज वाटते.

ते गणित असं. डिजिटल फोटो म्हणजे आकड्यांचं मोठं कोष्टक. एकेका ठिपक्याचा उजेड एकेका आकड्यात. शेजारशेजारचे दोन ठिपके घ्या, त्यांची सरासरी एकीकडे आणि फरक दुसरीकडे लिहा. निरभ्र आकाशाच्या भागात फरक जवळजवळ शून्य येतात, ते टाकून दिले तरी डोळ्याला कळत नाही. आता सरासऱ्यांवर पुन्हा तेच करा, मग पुन्हा. प्रत्येक फेरीत आपण चित्राकडे दुप्पट लांबून पाहतो. ही कल्पना हंगेरीच्या आल्फ्रेड हारची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पण तिच्यात एक खोट आहे. संध्याकाळचं आकाश क्षितिजाकडून वर हळूहळू गडद होत जातं. तिथे हारचे फरक लहान असतात, पण शून्य नसतात. ते टाकले की मऊ आकाशाच्या पायऱ्या पायऱ्या दिसू लागतात.

फ्रान्समध्ये १९८०च्या दशकात तेलाचे साठे शोधणारे भूभौतिकतज्ज्ञ जाँ मोर्ले, भौतिकशास्त्रज्ञ ॲलेक्स ग्रोसमन आणि गणितज्ञ इव्ह मेयर यांनी या विषयाला नवा जीव दिला. असे फरक मोजायला वापरतात त्या छोट्या, लवकर विरणाऱ्या लाटांना वेव्हलेट म्हणतात, मराठीत तरंगिका. मेयर यांच्या तरंगिका मऊ होत्या, पण त्यांची शेपटी कधीच पुरती संपत नव्हती. संगणकाला ती कुठेतरी कापावी लागणार आणि कापलं की अचूकपणा गेला.

डोबेशी यांनी १९८८च्या शोधनिबंधात दाखवलं, की तरंगिका ठरावीक लांबीत पूर्ण संपूनही पुरेशी गुळगुळीत राहू शकते. दोनाऐवजी चार ठिपके घ्यायचे आणि त्यांना वजनं द्यायची ०.४८३, ०.८३७, ०.२२४ आणि −०.१२९. हेच आकडे उलट्या क्रमानं, एकाआड एक चिन्ह बदलून वापरले की फरक मिळतो. उजेड सारखा असेल तर तो शून्य येतोच. उजेड एका चालीनं वाढत किंवा उतरत असेल तरीही शून्यच येतो. कागद घेऊन १, २, ३, ४ या आकड्यांवर करून पाहा (वजनं इथे तीनच दशांशांपर्यंत दिली आहेत, म्हणून किंचित काही उरेल). मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा पुन्हा एकदा करून खात्री केली होती.

एक अडचण मात्र उरली होती. या तरंगिका एका बाजूला कललेल्या असतात आणि चित्रात ते खुपतं. हारची सोडली, तर या जातीची कोणतीच तरंगिका दोन्ही बाजूंनी सारखी असू शकत नाही, हेही त्यांनीच सिद्ध केलं. मग आल्बेर कोएन आणि जाँ-क्रिस्तोफ फोव्हो यांच्यासोबत त्यांनी वाट काढली: चित्र उलगडायला एक तरंगिका, जोडायला दुसरी. त्यातली ‘९/७’ नावाची जोडी अमेरिकेच्या एफबीआयनं १९९३च्या सुमारास बोटांच्या ठशांसाठी घेतली. त्यांच्याकडे कोट्यवधी ठसेकार्डं होती. साधं जेपेग चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडतं आणि फाइल लहान करायला फार दाबलं की ठशाच्या रेषा त्या चौकोनांच्या कडांवर तुटतात. तरंगिकांनी साठवणीची जागा सुमारे पंधरा पटीनं कमी केली आणि रेषाही शाबूत ठेवल्या.

संशोधकाचा प्रभाव मोजायला आज सायटेशन मोजतात, म्हणजे इतर किती निबंधांनी त्याच्या कामाचा संदर्भ दिला ते. डोबेशींचा तो निबंध आणि १९९२चं ‘टेन लेक्चर्स ऑन वेव्हलेट्स’ हे पुस्तक यांचे संदर्भ हजारोंनी आहेत. त्यांत हृदयाचे आलेख वाचणारे आहेत, भूकंपाच्या नोंदी तपासणारे आहेत. शुद्ध गणिताच्या निबंधाला असे वाचक क्वचितच लाभतात. तरीही ही मोजणी मला अपुरी वाटते. ‘डीबी४’ वापरणारा विद्यार्थी फार तर सॉफ्टवेअरचं नाव देतो, १९८८चा निबंध त्यानं उघडलेलाही नसतो. ‘९/७’ पुढे ‘जेपेग २०००’ या चित्र दाबण्याच्या पद्धतीत गेली. थिएटरात जाणाऱ्या डिजिटल सिनेमाच्या डीसीपी फाइलमधली प्रत्येक चौकट त्या पद्धतीनं दाबलेली असते. आपल्या आधारच्या क्यूआर कोडमधला फोटोही ‘जेपेग २०००’ पद्धतीतच असतो. यातलं काहीच कुठल्या संदर्भसूचीत चढत नाही.

स्वतः डोबेशी तरंगिकांपाशी थांबल्या नाहीत. बेल लॅब्ज, प्रिन्स्टन आणि मग ड्यूक विद्यापीठ असा प्रवास झाला. आंतरराष्ट्रीय गणित संघाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष, आणि २०२३ साली गणितातला वुल्फ पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला. मिशेल डेफ्रीज आणि क्रिस्तीन द मोल यांच्यासोबतचा २००४चा निबंधही अफाट वाचला गेला. धूसर किंवा अपुऱ्या मोजमापांतून मूळ चित्र मिळवायचं, तर अंदाज करा, चूक पाहून सुधारा, क्षुल्लक आकडे शून्य करा आणि पुन्हा तेच करा. ही रीत नेमकी उत्तरापाशी पोचते याची सिद्धता त्यात आहे.

अलीकडे त्या जुन्या चित्रांकडे वळल्या. बेल्जियममधल्या गेंट शहराच्या कॅथेड्रलमध्ये व्हॅन आइक बंधूंचं १४३२ साली पूर्ण झालेलं वेदीचित्र आहे. त्यात मेरीजवळ एक उघडा ग्रंथ रंगवलेला आहे, पण रंगाला गेलेल्या तड्यांनी अक्षरं चिरलेली होती. डोबेशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावरच्या प्रतिमेत ते तडे शोधले आणि बुजवले. मग जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासकांना त्या पानावरचे शब्द वाचता येऊ लागले.