शिंगांचे फाटे आणि हरणाचे वय

मराठीत बैलाचेही शिंग आणि सांबराचेही शिंगच. पण या दोन वस्तू मुळातच वेगळ्या आहेत. बैलाच्या किंवा काळविटाच्या शिंगावर केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांतील प्रथिनाचे आवरण असते आणि ते जन्मभर टिकते, तर सांबरासारख्या खऱ्या हरणाचे शिंग हे निव्वळ हाड असून ते दरवर्षी गळून पडते व पुन्हा उगवते. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणात ही वाढ वसंतात सुरू होते. वाढत्या हाडावर रक्तवाहिन्यांनी भरलेली, मखमलीसारखी त्वचा असते. उन्हाळा सरता सरता टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक वाढते, हाड कठीण होते आणि नर झुडपांवर शिंगे घासून वाळलेली त्वचा उतरवतो. शिंगांच्या आकारात पोषणाचा आणि आनुवंशिकतेचाही वाटा असतो. तरीही नर साधारण पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत वयाचा प्रभाव ठळक दिसतो.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पूर्वी शिकारीत मारल्या जाणाऱ्या नरांपैकी बहुसंख्य अवघे दीड वर्षाचे असत, म्हणजे पूर्ण वाढ झालेला नर कळपात क्वचितच उरे. २००२ मध्ये तेथे राज्याच्या बहुतेक भागात एका शिंगाला किमान तीन, तर पश्चिमेकडे चार टोके (फाट्यांची अग्रे) असल्याशिवाय नर मारण्यास बंदी झाली. आज तेथील शिकारीतील निम्म्याहून अधिक नर अडीच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतात. कळपाची एकूण संख्या मात्र या नियमाने आटोक्यात येत नाही, कारण एक नर अनेक माद्यांशी समागम करू शकतो. जंगलातील कोवळी रोपे हरणांच्या तोंडून वाचवायची असतील, तर माद्यांचीच शिकार वाढवावी लागते.

खरी अडचण अशी, की नियमाला हवे असते वय आणि तो मोजतो टोके. वय समजते ते दातांवरून: खालच्या जबड्यातील तिसरी उपदाढ तीन उंचवट्यांची, म्हणजे दुधाची असेल, तर जनावर दीड वर्षाच्या आसपासचे असते, पण हे पाहायला ते आधी मारावे लागते. मिसिसिपी राज्यात १९९५ मध्ये दोन्ही शिंगे मिळून चार टोकांची अट घातली गेली. सुदृढ नराला दीड वर्षातच चार टोके येत असल्याने तो लगेच मारला जाई आणि खुरट्या शिंगांचा त्याचा सोबती वाचे. परिणामी काही भागांत पुढील वर्षांतील मोठ्या नरांची शिंगे आधीपेक्षा लहान आढळली. संरक्षणासाठी केलेल्या नियमाने चांगल्याचाच बळी घ्यावा, हे मला फार गंभीर वाटते.

टेक्सास राज्याने २००२ मध्ये सहा काउंट्यांत (जिल्ह्यांत) निवडलेला मार्ग मला अधिक शास्त्रीय वाटतो. तेथे दोन शिंगांमधील आतले अंतर किमान १३ इंच असावे लागते. सावध उभ्या नराच्या ताठ कानांची टोकेही साधारण तितक्याच अंतरावर असतात, त्यामुळे शिंगे कानांच्या बाहेर गेलेली दिसली, तरच शिकारी बंदूक उचलतो. एखादे शिंग फाटा नसलेले असेल, तर तो नरही मारता येतो. हा नियम आता शंभराहून अधिक काउंट्यांत लागू आहे.

हरणांच्या मेंदूचा ऱ्हास घडवणाऱ्या, प्रिऑन या सदोष प्रथिनामुळे होणाऱ्या प्राणघातक रोगाने या साऱ्या गणितात नवी अट आणली आहे. प्रौढ नरांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळते, आणि दूरवर स्थलांतर करणारे तरुण नर तो नव्या प्रदेशात नेऊ शकतात. म्हणूनच मिसूरी राज्याने रोगग्रस्त काउंट्यांतून टोकांची अट मागे घेतली.